नववं यंत्र

सकाळी सात ते संध्याकाळी सात या वेळात संचिताला खुर्चीवरून उठायचं असलं, तर आधी एक बटण दाबून तसं सांगावं लागे. पाच मिनिटांच्या वर गेलं की स्क्रीनचा कोपरा लाल व्हायचा आणि कोलशेतच्या ऑफिसातून विनीतचा फोन यायचा. विनीत तिचा साहेब, वयाने दोनच वर्षांनी मोठा. रागावणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "सगळं ठीक ना गं?" एवढंच तो विचारायचा. त्या विचारण्याचाच तिला वीट आला होता.

तक्रार करायची तरी कोणाकडे? ते बटण तिनेच बनवलं होतं.

कंपनीचं काम सांगायला सोपं होतं. मानपाड्याजवळच्या औद्योगिक वसाहतीतले अकरा जुने कारखाने तिचे ग्राहक. त्यांच्या सतरा बॉयलरवर दाब दाखवणारी काट्याची गोल गेज होती, कोणे काळी बसवलेली. ती बदलण्यापेक्षा प्रत्येक गेजसमोर एक कॅमेरा लावणं सोपं पडे. कॅमेरा दर अर्ध्या मिनिटाला फोटो काढायचा, संगणक काट्याचा आकडा वाचायचा, आणि आकडा नऊच्या वर गेला की कारखान्यात भोंगा वाजायचा. फोटो आल्यापासून साठ सेकंदांत आकडा गेलाच पाहिजे, असा करार. रात्री कारखान्यांचे स्वतःचे लोक गेजवर नजर ठेवत. दिवस कंपनीचा.

आकडे वाचायला आठ यंत्रं होती आणि एकाचा स्वभाव दुसऱ्याला लागू नव्हता. दोन नवी, ग्राफिक्स कार्डाची, ढीगभर फोटो एकदम उचलणारी. चार जुने सर्व्हर, एका बंद पडलेल्या ऑफिसातून आणलेले, सावकाश चालणारे पण न थकणारे. आणि दोन डबडी खुद्द कारखान्यांत बसवलेली. फोटो त्यांच्यापर्यंत क्षणात पोचायचा, पण दुपारी ती तापली की मंद व्हायची. कुठला फोटो कोणाला द्यायचा, हे ठरवणारा प्रोग्राम संचिताने लिहिला होता. ऑफिसात त्याला सगळे मुकादम म्हणत. फोटो आला की मुकादम प्रत्येक यंत्राकडे बघे. त्याच्यासमोर रांग किती, फोटो तिथवर जायला वेळ किती, आणि त्याने मागचे दोनशे फोटो किती वेगाने वाचले? या सगळ्याची बेरीज करून, जो सर्वांत आधी काम संपवेल त्याच्या पदरात फोटो टाकायचा. दर फोटोला ही बेरीज नव्याने. डबडं तापलं की त्याचं काम आपोआप सर्व्हरकडे जाई, निवलं की परत येई. मुकादमाला कोणी लाडकं नव्हतं, कोणी नावडतं नव्हतं. संचिताला तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता.

घोळ झाला तो वाफेमुळे. गेजच्या काचेवर वाफ धरली की फोटोत नुसतं दूध दिसायचं. दिवसाला असे नऊशेएक फोटो. आठही यंत्रं हात वर करायची. मग ते फोटो माणसाने बघायचे ठरलं. माणसांसाठी वेगळी व्यवस्था लिहायला सवड नव्हती, म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संचिताने यंत्रांच्याच यादीत एक ओळ वाढवली. क्रमांक नऊ: संचिता. चाचणीपुरती.

ती चाचणी तिने घरी घेतली, मानपाड्याच्या दोन खोल्यांत, आणि तिच्या मागे आबा येऊन उभे राहिले.

आबा म्हणजे तिचे वडील. याच वसाहतीत एकतीस वर्षं बॉयलर अटेंडंट. चार कारखाने केले, गेजच्या काचा चिंधीने पुसण्यात उमर गेली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती आणि सहाही वर्षं ते घरात नको तिथे उभे राहत, असं आईचं, शालनचं, म्हणणं होतं.

"सहा," आबा मागून म्हणाले.

"कुठे दिसतंय तुम्हाला सहा? मला तर काहीच दिसत नाहीये."

"काचेला वाफ धरलीय, काट्याला नाही. तो बघ, सावली पडलीय. सहा. दाब."

तिने दाबलं. दुसरा फोटो. "साडेसात." तिसरा. "पावणेसहा, आणि त्याला सांग काच पूस म्हणावं." दोनशे फोटो झाले तेव्हा सरासरी निघाली नऊ सेकंद. ऑफिसात बसून हेच करणाऱ्या स्वप्नाला, म्हणजे क्रमांक दहाला, चाळीस सेकंद लागत होते. ती फोटो मोठा करी, उजळ करी, मान वाकडी करून बघे.

मुकादमाने दोन्ही आकडे घेतले आणि आपलं काम केलं. संचितासमोर तीन फोटो थांबलेले असले तरी चौथा तिच्याकडेच येई, कारण चार नवे छत्तीस, आणि छत्तीस हे चाळीसहून कमी. स्वप्नाला आणि यादीत तिच्या पुढच्या दोघांना, अकरा-बाराला, दिवसाकाठी पाच-पन्नास मिळत. काम नाही म्हणून हात बसत नाही, आणि हात बसत नाही म्हणून काम नाही.

"मी इथे नखं वाढवतेय आणि तू तिथे मरतेयस," स्वप्ना फोनवर म्हणायची. "थोडी स्लो हो ना यार."

पण स्लो होणार कशी? आबा सकाळी सातच्या आत आंघोळ करून, शर्ट चढवून दुसऱ्या खुर्चीवर हजर असायचे. ती त्यांची ड्युटी झाली होती. आई म्हणायची, "नोकरीत होते तेव्हा एवढे वेळेवर उठत नव्हते." संचिताने ऑफिसात आबांचं नाव काढलं नाही. ग्राहकांचे फोटो बाहेरच्या माणसाला दाखवायचे नाहीत, अशा कागदावर तिची सही होती. एप्रिलमध्ये ही गंमत होती. मेमध्ये सवय झाली. जूनमध्ये विनीत म्हणाला, "तू ऑफिसला येऊच नको. जाण्यायेण्याचे तीन तास आपल्याला परवडत नाहीत." तेव्हापासून ती त्या खोलीतच होती.

ऑगस्टमध्ये कल्याणच्या एका तंत्रनिकेतनात प्रयोगशाळेत नोकरीची जागा निघाली. शुक्रवारी वसाहतीला सुट्टी, म्हणून मुलाखत शुक्रवारची मागून घेतली. निवड झाली. दोन जानेवारीला रुजू व्हायचं, आणि अट एकच: आधीच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर.

"देतो ना," विनीत म्हणाला. "मी काय तुला बांधून ठेवलंय? तुझ्या ओळीचं काम बाकीच्यांनी सात दिवस सांभाळून दाखवलं, की त्याच दिवशी देतो."

तीनदा करून बघितलं. सकाळी दहा ते अकरा सगळे कारखाने एकदम वाफ घेतात, तेव्हा धुरकट फोटोंचा नुसता मारा होतो. तीनही वेळा त्याच तासात साठ सेकंदांची हद्द मोडली. तिसऱ्या खेपेला स्वप्ना रडायला आली आणि विनीतने नववी ओळ पुन्हा चालू केली. संचिताने लिहिलेल्या नियमात माणसाकडून काम करून घ्यायची सोय होती. त्याला जाऊ द्यायची नव्हती. ती तिला सुचलीच नव्हती.

बावीस डिसेंबरला, सोमवारी, विनीतचा फोन आला तेव्हा तिने आधी कोपऱ्याकडे बघितलं. कोपरा हिरवा होता.

"संचिता, पेढे काढ."

"कसले?"

"नव्या दोन मशीनवर एक प्रोग्राम बसवलाय. धुकं वाचतो. दिवाळीपासून फोटो साठवतोय, तेव्हापासूनची तुझी सगळी उत्तरं घेऊन त्याला शिकवलं, आणि दोन आठवडे तुझ्या मागे गुपचूप चालवला. शंभरात सत्याण्णव वेळा तू म्हणतेस तेच म्हणतो! एक तारखेपासून नववा तो. तुझं लेटर एकतीसला, माझी सही."

फोन ठेवून ती गॅलरीत गेली. सात मिनिटं उभी राहिली. कोपरा लाल झाला असणार, पण फोन आला नाही.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी रंगाईच्या कारखान्यातल्या दोन नंबर बॉयलरचा फोटो आला. आला म्हणजे चौकट आली, वर ठळक अक्षरांत कारखान्याचं नाव. आत नुसता राखाडी रंग. नेट अडकलं होतं.

"सव्वासहा," आबा म्हणाले.

संचिताचं बोट बटणावर होतं. ते तिथेच राहिलं.

"काय सव्वासहा?"

"सव्वासहा गं. दाब, पुढचे येतील."

"आबा, फोटो आलाच नाहीये."

"आलाय की."

तेवढ्यात खरंच आला. काच पांढरी होती, पण डाव्या कडेने पुसट सावली दिसत होती. ती सहाच्या जवळपासही नव्हती. संचिता स्क्रीनला नाक लावून बघत राहिली. तिचे तीस सेकंद गेले, पस्तीस गेले. नऊ पूर्णांक चार. तिने आकडा टाकला. मिनिटभरात उघड्या खिडकीतून भोंगा ऐकू आला. रंगाईचा कारखाना घरापासून दीड किलोमीटरवर होता.

काही झालं नाही. कोणीतरी दुरुस्तीसाठी वाफेची लाइन बंद केली होती आणि बॉयलरवाल्याला सांगायचं राहिलं होतं. सहा मिनिटांत काटा खाली आला. दिवसाच्या नोंदीत ती एक ओळ झाली.

साडेअकराला मारा ओसरला तेव्हा संचिताने एक जुना फोटो उघडला, अगदी स्वच्छ काचेचा, आणि लॅपटॉप आबांच्या मांडीवर ठेवला.

"हा किती?"

आबांनी लॅपटॉप लांब धरला. मग जवळ. मग म्हणाले, "वेळ किती वाजताची आहे?"

"वेळ कशाला हवी? काटा सांगा."

"ओरडू नको."

"ओरडत नाहीये. काटा दिसतोय का तुम्हाला?"

स्वयंपाकघरातून आई बाहेर आली, हाताला पीठ. "परवा समोरच्या आसावरीला म्हणाले, शालन, चहा ठेव. मला वाटलं चेष्टा करतायत."

"दिवाळीपासून डावा धुरकट झालाय," आबा शेवटी म्हणाले. "उजव्यात पण जाळं आलंय. पण मी चुकत नाही हं. सकाळी दहा-वीसला रंगाईवाले वाफ ओढतात, काटा सहावर उतरतोच. साबणवाले साडेसातला पेटवतात, आठपर्यंत आठावर. औषधवाल्यांचं जेवणाच्या सुट्टीत पाच. हे बघायला डोळा कशाला लागतो? एकतीस वर्षं माझ्या अंगात आहे ते."

"दोन महिने तुम्ही न बघता सांगत होतात?"

"आठवड्याला ऑफिसवाले वीस फोटो तपासतात ना तुझे? एक तरी चूक निघाली?"

निघाली नव्हती. वसाहत वेळापत्रकाने चालत होती, म्हणून आबाही बरोबर चालले होते. रोज, आज सकाळपर्यंत.

"मला सांगायचं तरी."

आबांनी लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. "सांगितलं असतं तर तू ही खुर्ची उचलून ठेवली असतीस," ते म्हणाले. "आणि तुझा वेग पडला असता. तुला बोल लागला असता."

आई आत गेली. लाटण्याचा आवाज मात्र बराच वेळ आला नाही.

संचिताला एकच गोष्ट बघायची होती आणि ती बघू नये असंही वाटत होतं. तिने सकाळचा तो नऊ पूर्णांक चारचा फोटो काढला आणि विनीतच्या नव्या प्रोग्रामला दिला. उत्तर लगेच आलं: सहा पूर्णांक दोन. खात्री: त्र्याण्णव टक्के.

फोटोच्या उजव्या कोपऱ्यात कॅमेरा वेळ छापत असे, पांढऱ्या ठळक आकड्यांत. तिने दहा-वीस पुसून तिथे आठ वाजले असं लिहिलं. बाकी काही हलवलं नाही. तोच फोटो, तीच वाफ, तोच काटा. प्रोग्राम म्हणाला: सात पूर्णांक नऊ. तिने दुपारचा एक लिहिला. पाच पूर्णांक आठ.

धुक्यातून काटा दिसत नव्हता, पण कोपऱ्यातली वेळ स्वच्छ दिसत होती. पन्नास हजारांच्या घरात फोटो बघून यंत्र तेवढंच शिकलं होतं. गुरू घड्याळ बघून सांगत होता, शिष्यही घड्याळ बघून सांगत होता, आणि दोघांचं शंभरात सत्याण्णव वेळा जुळत होतं.

एक तारखेपासून सतरा बॉयलरचं धुकं हाच वाचणार होता.

तिने दिवस मोजले. आठ. आठ दिवस गप्प बसायचं, आकडे स्वतः नीट बघून टाकायचे, एकतीसला लेटर घ्यायचं, दोन तारखेला कल्याण. कल्याणहून एक ईमेल टाकता येईल, जरा तपासून घ्या म्हणून. पण नवी ओळ एक तारखेला सकाळी सातला चालू होणार होती, आणि दहा-वीस त्या दिवशीही वाजणार होते. ईमेल कोण उघडतो, कधी उघडतो? ती पाणी प्यायली. बटण न दाबताच उठली होती, ते नंतर तिच्या लक्षात आलं. एक वाजून दहा मिनिटांनी तिने स्वतःच विनीतला फोन लावला.

सगळं सांगितलं. खुर्चीपासून जाळ्यापर्यंत.

"आणि हे तू आत्ता सांगतेयस मला?" तो म्हणाला.

"मलाच आज कळलं."

"आबांच्या डोळ्यांचं आज कळलं. आबा बसतात हे तर एप्रिलपासून माहीत होतं ना?"

तिने दुसऱ्या खुर्चीकडे बघितलं.

"ऐक," विनीत म्हणाला. आवाज नेहमीचाच, शांत. "प्रोग्राम मी आत्ता बंद करतो. तू सांगितलंस, बरं केलंस, मनापासून म्हणतो. पण बाहेरच्या माणसाला फोटो दाखवलेस हे मी लिहून पाठवलं, तर लेटरवर काय शेरा येईल तुला माहितीय. त्या शेऱ्यावर कल्याणवाले तुला घेतील?"

"नाही."

"नाही लिहिलं, तर निस्तरायचं आपल्यालाच. दिवाळीपासूनचे सगळे फोटो पुन्हा वाचून घ्यायला लागतील, नवीन प्रोग्राम त्याच्यावर शिकवायला लागेल, आणि ते होईपर्यंत नववी ओळ मोकळी कशी करू? तूच सांग, कशी करू?"

तिने विचार केला. साहेबाने अडकवायला विचारलेला प्रश्न असता तर बरं झालं असतं. पण ती त्याच्या जागी असती, तर तिनेही हेच विचारलं असतं.

"नका लिहू," ती म्हणाली.

एक आशा उरली होती, आणि ती तिच्याच नियमातली होती. आता आबा सांगणार नव्हते. ती एकटी वाचणार, म्हणजे वेग पडणार. पडला की मुकादम तिला सोडून स्वप्नाकडे वळणार. तिने मुद्दाम काही केलं नाही. सावली शोधली, काटा धरला, आकडा टाकला. यादीत नऊचे बारा झाले, बाराचे सतरा. पुढचे चार दिवस ती संध्याकाळी यादी उघडून बघत होती. एकोणीस. एकवीस. बावीस.

बावीसवर आकडा थांबला.

आठ महिने ती आबांच्या शेजारी बसली होती. पहिले सहा महिने आबा खरंच बघत होते, आणि ती त्यांच्याबरोबर बघत होती. काचेवरच्या वाफेमागे काटा कुठे लपतो, हे तिच्याही नकळत तिच्या डोळ्यांत बसलं होतं. स्वप्ना अडतीसवर होती. मुकादमाने बेरीज केली. जो सर्वांत आधी संपवेल तो, आणि आधी संपवणारी अजूनही तीच होती. दिवाळीपासूनचे पन्नास हजार फोटोही त्याने मधल्या मोकळ्या वेळात तिच्याकडेच वळवले.

एका दुपारी तिने यादीतल्या नवव्या ओळीवर कर्सर नेला. ती पुसायचा अधिकार तिला होता. कोणालाही न विचारता. साडेबारा वाजले होते, तासाभरात फार तर चाळीस फोटो येणार, स्वप्नाला जमलं असतं. पण उद्या सकाळी दहाला? तिने लॅपटॉपवरून हात काढला आणि कॉफीचा कप उचलला. कप रिकामा होता.

दोन जानेवारी शुक्रवारी आला. वसाहत बंद होती, म्हणून तिला सुट्टी होती. दुपारी तंत्रनिकेतनातून फोन आला. बाई सभ्यपणे बोलल्या, प्रतीक्षायादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावतोय म्हणाल्या, हरकत नाही ना? संचिता म्हणाली, हरकत नाही.

महिनाअखेरीला आबांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आठवडाभर ते हिरवी पट्टी लावून फिरले. पट्टी निघाली त्या सकाळी सातच्या आत आंघोळ करून, शर्ट चढवून बाहेर आले आणि दुसऱ्या खुर्चीजवळ उभे राहिले.

"बसू?"

"बसा. पण स्क्रीनकडे बघायचं नाही."

आबांनी खुर्ची फिरवली आणि खिडकीकडे तोंड करून बसले. समोर इमारतींच्या पलीकडे वसाहतीच्या चार चिमण्या दिसतात. त्यांना आता त्या स्वच्छ दिसतात, धुरासकट.

तेव्हापासून असंच चाललंय. ती स्क्रीनकडे, ते खिडकीकडे. दहा वाजले की धूर दाट होतो आणि आबांचे ओठ हलतात. आवाज काढत नाहीत. लॅपटॉपच्या काळ्या कडेत त्यांच्या चेहऱ्याची पुसट बाजू दिसते, म्हणून संचिताने तिथे कागदाची पट्टी चिकटवलीय.

"मी काही बोललो नाही हं," आबा म्हणतात.

"बोलू नका," ती म्हणते, आणि सावली शोधते.

बावीस सेकंद. आकडा जातो, आणि पुढचा फोटो आलेला असतो.